पाण्याकडे वळलेली माणसे

मागच्या उन्हाळ्यात सोलापूरला गेलो होतो. सात रस्त्याजवळ चहा घेत उभा असताना ओळखीच्या एका शिक्षिका भेटल्या. शाळेत विज्ञान शिकवतात. बरोबर त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. रसायनशास्त्रातला बी.एस्सी., वय तिशीच्या पुढे, टॉवेलच्या कारखान्यात रंगाई खात्यात नोकरीला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर बाई म्हणाल्या, "सर, याला आता पाण्याच्या कामात जायचंय. पाणी तपासणं, शुद्ध करणं, त्यातलंच काहीतरी. घरचे म्हणतात, दहा वर्षं रंगात घालवलीस, आता नव्यानं कुठं सुरुवात करतोस? शिवाय हा काही इंजिनिअर नाही. चालेल का?"

"चालेल," एवढेच मी त्या वेळी म्हणालो. पण एका शब्दाच्या उत्तराने त्या मुलाचे समाधान झाले नसावे. असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना विद्यार्थी विचारत असतील. म्हणून सविस्तर उत्तर येथे देत आहे. ते इतिहासात आहे. आज ज्याला आपण जलगुणवत्ता अभियांत्रिकी म्हणतो, ते शास्त्र उभे करणाऱ्यांपैकी कितीतरी जण आयुष्याच्या मध्यावर दुसऱ्या वाटेवरून येथे आले होते.

पाणी किती, आणि पाणी कसे

एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांपुढे मुख्य प्रश्न होता पाणी आणण्याचा. मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये तयार झाला. सोलापूरजवळचा एकरूख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. पुण्याजवळच्या खडकवासल्याचे धरण १८७९ चे. ही कामे मोठी होती आणि ती करणारे अभियंते कुशल होते. बंधारा किती उंच, भिंत किती रुंद, पाणी किती साठेल, याची गणिते त्यांना येत होती. पण त्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न त्या गणितात नव्हता. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड असले की ते चांगले, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

'पाणी कसे आहे' हा प्रश्न बाहेरच्या माणसांनी विचारला. त्यात पहिले नाव घ्यावे लागते ते लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचे. स्नो हे भूल देणारे डॉक्टर. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांच्या वाफा किती प्रमाणात दिल्या म्हणजे काय होते, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिले. त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, घाणेरड्या हवेतून पसरतो असे बहुतेक सारे डॉक्टर मानीत. स्नो यांना ते पटेना. वायू जितका दूर जाईल तितका विरळ होतो, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होते. शिवाय विषारी हवेने आधी फुप्फुसे बिघडायला हवीत. पटकी तर सुरू होते आतड्यांपासून. म्हणजे विष पोटात जात असले पाहिजे. भूलशास्त्रातल्या ज्ञानामुळेच ते पाण्यापर्यंत पोचले.

१८५४ मध्ये त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. त्याच वर्षीचे त्यांचे दुसरे काम मात्र कमी सांगितले जाते, आणि शिक्षकांच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी थेम्स नदीचे पाणी शहराच्या वरच्या अंगाने घेई, दुसरी शहराची घाण जिथे मिसळे तिथून. कोणत्या घराला कोणत्या कंपनीचे पाणी येते, हे भाडेकरूंना सांगता येत नसे. स्नो यांनी प्रत्येक घरातून पाण्याची एक कुपी आणली आणि तीत सिल्व्हर नायट्रेट टाकले. खालच्या अंगाच्या पाण्यात मिठाचे, म्हणजे क्लोराइडचे प्रमाण फार जास्त होते. तिथे दाट पांढरा साका येई, दुसऱ्या पाण्यात जेमतेम गढूळपणा दिसे. अशा रीतीने घरे वेगळी काढून त्यांनी पटकीचे मृत्यू मोजले. दुसऱ्या कंपनीच्या घरांतले मृत्यू कितीतरी पटींनी अधिक भरले. जंतूंचा सिद्धान्त अजून मान्य व्हायचा होता. बाटलीभर सिल्व्हर नायट्रेट आणि मोजणीची सवय एवढ्याच भांडवलावर हे काम झाले.

क्लोराइडचा नकाशा

हीच कसोटी तीस-पस्तीस वर्षांनी एका रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पुढे नेली. एलन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री. १८७३ मध्ये त्या तेथून रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याची पाहणी सुरू झाली आणि नमुने तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. हजारो नमुने तपासल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठही येते. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या स्वच्छ पाण्यातही क्लोराइड बरेच असते आणि जसजसे आत जावे तसतसे ते कमी होते. समान क्लोराइडच्या जागा जोडणाऱ्या रेषा त्यांनी नकाशावर काढल्या. एखाद्या विहिरीत तिथल्या नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त क्लोराइड आढळले, तर ते आले कुठून? बहुधा माणसांकडून. आपण खाल्लेले मीठ मूत्रावाटे बाहेर पडते आणि मातीतून झिरपतानाही क्लोराइड गाळले जात नाही. क्लोराइड स्वतः त्या प्रमाणात अपायकारक नसते. ते सांडपाण्याची वर्दी देते, एवढेच.

त्याच राज्यात, त्याच १८८७ साली, मेरिमॅक नदीकाठच्या लॉरेन्स गावी एक प्रयोगकेंद्र सुरू झाले. लॉरेन्सची अडचण आपल्याला ओळखीची वाटेल. नदीच्या वरच्या अंगाला लोवेल हे कापडगिरण्यांचे शहर होते. त्याचे सांडपाणी नदीत जाई आणि तेच पाणी खाली लॉरेन्सचे लोक पीत. विषमज्वराच्या साथी नेहमीच्याच. प्रयोगकेंद्राचे काम अ‍ॅलन हेझन या ऐन विशीतल्या तरुणाने सांभाळले. तोही रसायनशास्त्र शिकलेला होता. रसायनशास्त्रज्ञ पदार्थ चाळतो, वजन करतो, नोंद ठेवतो. हेझनने तेच वाळूवर केले. वाळूच्या वजनापैकी दहा टक्के कण ज्या मापापेक्षा बारीक असतील, त्या मापाला त्याने वाळूचे 'परिणामकारक माप' म्हटले. आजही आपल्याकडील जलशुद्धीकरण केंद्रात गाळणीची वाळू याच मापाने घेतली जाते. १८९३ मध्ये लॉरेन्सला वाळूची गाळणी बांधली गेली आणि विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या केंद्रात रसायनशास्त्रज्ञ एकटे नव्हते. हायरम मिल्स हे जलप्रवाहाचे अभियंते होते, विल्यम सेज्विक हे जीवशास्त्रज्ञ होते. हेझन त्यांच्याकडून शिकला आणि पुढे स्वतः नामांकित अभियंता झाला.

न्यायालयात उभे राहिलेले डॉक्टर

वाळूच्या गाळणीनेही सर्व जंतू जात नाहीत. उरलेले मारायचे कसे? ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींतली टीसीएल पावडर, पूर्वीपासून माहीत होती. कापड पांढरे करण्यासाठी ती वापरीत. पण पिण्याच्या पाण्यात 'विष' घालायचे, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. इंग्लंडमधील लिंकन येथे १९०५ च्या विषमज्वराच्या साथीत डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी क्लोरिनचे संयुग पाण्यात घालून पाहिले होते. साथीत एक उपाय करणे वेगळे आणि मोठ्या शहराला रोज तेच पाणी पाजणे वेगळे.

ते धाडस केले अमेरिकेतल्या डॉ. जॉन लील यांनी. तेही वैद्य. त्यांचे वडीलही वैद्य होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दूषित पाण्याने त्यांना आतड्याचा विकार जडला आणि बरीच वर्षे भोगून १८८२ मध्ये ते वारले. लील शहराचे आरोग्य अधिकारी झाले आणि पुढे एका पाणीपुरवठा कंपनीत आले. जर्सी सिटी शहराने त्या कंपनीवर फिर्याद लावली होती की, करारात ठरल्याप्रमाणे पाणी शुद्ध नाही. पाणलोट क्षेत्रात मोठ्या गटारी बांधण्यापेक्षा क्लोरिन वापरावे, असे लील यांनी ठरवले. जॉर्ज फुलर यांनी मात्रा सोडण्याची यंत्रणा ९९ दिवसांत उभी केली. २६ सप्टेंबर १९०८ पासून बून्टन जलाशयाच्या पाण्यात, रोज सुमारे १५ कोटी लिटरला, क्लोरिन मिसळू लागले. मात्रा दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी होती. न्यायालयात विरुद्ध बाजूच्या वकिलाने लील यांना विचारले की, हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का, घरच्यांना द्याल का? लील यांनी होकार दिला. निकाल क्लोरिनच्या बाजूने लागला आणि काही वर्षांतच शेकडो शहरांनी ही पद्धत उचलली.

आपल्याकडील वाट

हिंदुस्थानात पटकीचे नाते यात्रांशी होते. पंढरपूरच्या वारीनंतर साथ पसरण्याची धास्ती सरकारला आणि लोकांनाही असे. या काळात आग्र्याला अर्नेस्ट हॅन्किन हे सरकारी रासायनिक परीक्षक होते. मूळचे केंब्रिजचे जंतुशास्त्रज्ञ. त्यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. पाण्याला गुलाबी छटा टिकेपर्यंत औषध टाकायचे. अडाणी माणसालाही करता येईल अशी ही कृती होती. पुढे ब्लीचिंग पावडर अधिक खात्रीची ठरली आणि परमँगनेट मागे पडले.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून तिला आपण 'नीरी' म्हणून ओळखतो. या संस्थेत रसायन, जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी या शाखांचे लोक एका छताखाली आले. फ्लोराइडयुक्त पाण्याने दात आणि हाडे बिघडतात. अशा पाण्यातले फ्लोराइड चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर वापरून कमी करण्याची 'नलगोंडा पद्धत' येथे विकसित झाली. त्यात वापरलेली रसायने साधी आहेत आणि लागणारी भांडी खेड्यात मिळण्याजोगी आहेत.

देहूचे डॉक्टर

महाराष्ट्रातले या प्रकारचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते म्हणजे देहूचे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर. १९६० च्या सुमारास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. रोग्यांची रांग लागे. त्यात हगवण, जंत, अतिसार यांचेच रोगी बहुतेक. औषध देऊन घरी पाठवलेला माणूस थोड्या दिवसांनी त्याच तक्रारीने परत येई. कारण उघड होते. गावात शौचालये नव्हती, लोक उघड्यावर बसत, आणि पावसाबरोबर ती घाण विहिरींत आणि इंद्रायणीत जाई.

डॉक्टरांनी शौचालये बांधायला घेतली. प्रसिद्ध झालेल्या एका नमुन्याप्रमाणे काही बांधलीही. पहिल्याच पावसाळ्यात ती ढासळली. गोष्ट येथे संपू शकली असती. औषधोपचार हे त्यांचे काम, बांधकाम त्यांचे नव्हेच, असे म्हणून ते पुन्हा दवाखान्यात बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते माती शिकले, खड्ड्याची बांधणी शिकले, गवंड्याच्या हातातले काम शिकले. या वाटेवर त्यांना आधार मिळाला तो कोकणातल्या अप्पा पटवर्धनांच्या कामाचा. अप्पाही मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून १९३२ मध्ये त्यांनी उपोषण केले होते, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी शौचालयांचे प्रयोग केले. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या 'मलप्रभा' या जैववायू संयंत्रात सुधारणा केल्या. बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जीवाणू मैला कुजवतात, मिथेन वायू चुलीला मिळतो, आणि टाकीत काढलेल्या काळात रोगजंतूंची संख्या घटते. वीस वर्षे लागली, पण १९८० पर्यंत देहूतल्या जवळजवळ सर्व घरांत शौचालये झाली. देहूतील त्यांच्या संस्थेला त्यांनी अप्पांचेच नाव दिले. २०१५ मध्ये ते निवर्तले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

मापुसकरांनी जलशुद्धीकरण केंद्र बांधले नाही. तरी त्यांना मी पाण्याच्या गुणवत्तेचेच अभियंते मानतो. घाण पाण्यात शिरल्यावर काढण्यापेक्षा ती शिरू न देणे स्वस्त आणि खात्रीचे असते. आणि देहूचा सोलापूरशी संबंध केवळ पालखीचा नाही. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठाही पुढे भीमेलाच येते. भीमेवर उजनी धरण आहे. उजनीचे पाणी नळाने सोलापूरला येते. शिवाय नदीत सोडलेले पाणी पंढरपूरवरून खाली येऊन औज बंधाऱ्यात अडवले जाते आणि टाकळीहून शहराला मिळते. लोवेल आणि लॉरेन्स यांच्यासारखेच हे नाते आहे. वरच्या गावांचा मैला आणि कारखान्यांचे पाणी जे काही करतील, ते सोलापूरकरांच्या हंड्यात उतरते.

दारूच्या कारखान्यातून आलेला शोध

वरून सांडपाणी येते तेव्हा त्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही येतात. त्यावर शेवाळ माजते. उजनीत हिरवट पाण्याचा तवंग अनेकांनी पाहिला असेल. असे पाणी गाळणी लवकर तुंबवते आणि त्याला क्लोरिनही जास्त लागते. जास्त क्लोरिनचा दुसरा परिणाम शोधला हॉलंडच्या योहानेस रूक यांनी. रॉटरडॅमच्या जलकेंद्रात येण्यापूर्वी ते बिअरच्या उद्योगात रसायनशास्त्रज्ञ होते. बिअरचा वास तपासताना बाटलीतल्या द्रवावरच्या हवेचे विश्लेषण करतात. तीच युक्ती त्यांनी पिण्याच्या पाण्याला लावली. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात, हे त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून क्लोरिन बंद करायचे का? मुळीच नाही. पटकी आणि विषमज्वर यांचा धोका कितीतरी मोठा आहे. पण क्लोरिन घालण्यापूर्वी पाणी नीट निवळून, गाळून घेतले पाहिजे, हे त्यावरून कळले.

जुने बरोबर न्यायचे, नवे शिकायचे

या सर्वांत समान काय आहे? स्नो यांनी वायूंचे ज्ञान आणले, रिचर्ड्स यांनी काटेकोर विश्लेषण, लील यांनी वैद्याची दृष्टी, रूक यांनी बिअरची बाटली. जुन्या कामात गेलेली वर्षे त्यांची फुकट गेली नाहीत. पण नुसत्या जुन्यावर कोणाचे भागलेही नाही. हेझनला जलप्रवाह शिकावा लागला, लील यांना फुलरची मदत घ्यावी लागली आणि मापुसकरांची पहिली शौचालये पडली. प्रयोगशाळेत एक लिटर पाणी शुद्ध करणे सोपे. रोज कोट्यवधी लिटर, ठरलेल्या खर्चात, रात्रपाळीच्या माणसाकडून शुद्ध करून घेणे हा निराळा विषय आहे. नवीन येणाऱ्याने हे समजून यावे. पदवीचाही प्रश्न असतो. केंद्राचा आराखडा करणाऱ्याला अभियांत्रिकीची पदवी लागतेच. विज्ञान पदवीधराला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत रसायनशास्त्राच्या माणसांची गरज असते. पहिला पगार जुन्यापेक्षा कमी असू शकतो, हेही घरच्यांना आधी सांगावे.

सोलापुरात अशा माणसांना काम भरपूर आहे. नळाला रोज पाणी येत नाही, मधले दिवस कोरडे जातात. नळ रिकामा झाला की त्यातला दाब जातो आणि जोडांच्या फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. घरात पिंपात साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन दिवसागणिक उडून जातो. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन असावा, असे भारतीय मानक सांगते. खेड्यात टीसीएलचे पोते उघडे पडलेले असते. ताज्या पावडरीत सुमारे एकतृतीयांश क्लोरिन असते, उघड्या पोत्यात ते घटत जाते. मग जलसुरक्षक ठरलेले माप टाकतो, नोंदवहीत लिहितो, आणि पाण्यात क्लोरिन मात्र पुरेसा उरत नाही.

शिक्षकांना एक सुचवतो. रिचर्ड्सबाईंचा नकाशा आपल्या गावात करता येतो. जवळच्या महाविद्यालयाची मदत घ्या. दहा-पंधरा विहिरी आणि बोअर निवडा, वस्तीपासून दूरची एखादी विहीरही घ्या. प्रत्येक पाण्यातले क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने मोजा. पोटॅशियम क्रोमेट दर्शक म्हणून वापरायचे, पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचे. हे शेवटचे काम मोठ्यांनी करावे, कारण क्रोमेट विषारी आहे. आकडे गावाच्या नकाशावर लिहा. सोलापूर समुद्रापासून दूर आहे, पण खडकांमुळेही क्लोराइड बदलते. म्हणून दूरच्या विहिरीशी तुलना करायची. वस्तीतला आकडा बराच मोठा निघाला तर मुलांना विचारा, हे मीठ कुठून आले असेल? नकाशावरची शौचालये आणि गटारे ती आपोआप दाखवू लागतील.

बाईंच्या त्या विद्यार्थ्याला मी नंतर पत्र लिहिले. रंगाच्या दोन छटांतला फरक तो डोळ्यांनी ओळखतो. पाण्यातला क्लोरिन तपासताना हेच करायचे असते. उरलेले शिकायला चार-पाच वर्षे लागतील, असेही लिहिले. उत्तरात त्याने एकच प्रश्न विचारला होता. औज बंधाऱ्याच्या पाण्याचा नमुना घ्यायचा तर बाटली कशी धुवायची? त्यावरून तो निघाला आहे, असे मी समजतो.